कोरडा शिधा

आमच्या घरात बाहेरचं शिजलेलं चालत नाही. बाहेरचं म्हणजे कुणाचंच. कळमनुरीला माझी सख्खी भाची दिली आहे, तिच्याकडे गेले तरी चुलीपुढं कोण बसलंय ते आधी बघते आणि मग ताटावर बसते. भाची तोंड वाकडं करते. करू दे. तिच्या तोंडासाठी मी माझी रीत मोडायची नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण कुठं खावं आणि कुठं पाण्यालाही नाही म्हणावं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

खुर्शीदबीला हे माझ्या सासूच्या काळापासून ठाऊक. आमची गल्ली एक, शेताचा बांध एक. तिचा नवरा चाँद पाशा आणि आमचे मालक एकाच गाडीत कापूस भरून जवळा बाजारला न्यायचे. आता दोघंही नाहीत. ईदच्या सकाळी खुर्शीदबी एक तांब्याचं तबक पाठवायची. आतून कल्हई केलेलं, वर हातानं विणलेला रुमाल. त्यात कोरड्या शेवया, साखर, खोबऱ्याची वाटी, खारीक, चारोळीची पुडी. शिजलेलं काही नाही, सगळा कोरडा शिधा. दूध माझ्या म्हशीचं, पातेलं माझं, चूल माझी. खीर मी करायची आणि सगळं घर खायचं. तबक परत करताना त्यात गूळ नाहीतर शेंगदाणे ठेवायचे, कारण भांडं रिकामं परत करत नसतात. आणि दिवाळी, पोळा, पाडवा आला की माझ्याकडून पुरणपोळ्यांची चवड तिच्याकडे जायची. ती मात्र शिजलेली. तिची लेकरं दारातच उभ्यानं खायची.

हे असं वर्षानुवर्षं चाललं. त्यात कुणाला काही खटकलं नाही. खटकलं ते माझ्या नातीला, कोमलला.

कोमल हिंगोलीला कॉलेजात इंग्रजी घेऊन शिकते. यंदा पाडवा आणि ईद लागून आले आणि तेव्हाच आमची हळद निघाली, म्हणून ती चार दिवस घरी आली होती. आम्ही शेतात ताडपत्रीवर बसून ओली हळद मोडत होतो. हळदीच्या बुडाशी मधे गड्डा असतो, त्याला बोटांसारखी हळकुंडं फुटलेली असतात. हळकुंडं मोडून एकीकडे टाकायची, गड्डे दुसरीकडे. दोन्ही वेगळं शिजतं, वेगळं विकतं.

कोमल म्हणाली, "आजी, इंग्रजीत दोन शब्द हायेत. डिफरन्स आन डिस्टिंक्शन. दोन्हीचा अर्थ डिक्शनरीत फरकच दिलाय, पण सर म्हणतात दोन्ही एक न्हाईत."

"डिस्टिंक्शन म्हंजे पंचाहत्तर टक्के," मी म्हणाले. "तुझ्या भावाला, मुन्नाला मिळालं तवा गल्लीभर पेढे वाटले मी."

ती हसली. "तेच की. बाकीच्या पोरांतून त्याला उचलून वर ठेवलं, म्हणून डिस्टिंक्शन. डिफरन्स आपला आपण आसतो. डिस्टिंक्शन कुणीतरी करावं लागतं."

मी हातातला हळदीचा कंद तिच्यापुढं धरला. "हे बघ. गड्डा गोल, हळकुंड लांब. हा झाला फरक. हे जमिनीतच ठरलं. आन ही तू ढिगं करून राहिली, हा भेद. हळदीला त्याचं काही न्हाई. दळल्यावर दोन्ही पिवळंच. तुझ्या सरला सांग, फी वापस दे म्हणावं."

पोरगी मान घालून हळद मोडू लागली. मला वाटलं जिंकले. मग हळूच म्हणाली, "खुर्शीद आजीकडचं आपण शिजलेलं खात न्हाई. ते काय मग, डिफरन्स का डिस्टिंक्शन?"

"फरक. आपलं आपण, त्यांचं ते. भेद मी कधी केला न्हाई. ती आजारी पडल्यापास्नं माझ्यावाणी तिच्या उशाला कोण बसतं?"

"पण त्या आपलं शिजलेलं खातात की."

"मंग?"

"मंग काही न्हाई. एकाच बाजूनं झालं, येवढंच."

"हळद मोड," मी म्हणाले. "नखं पिवळी होत्यात म्हणून गप्पा काढून राहिली."

ईदच्या दिवशी मी झुंजूमुंजू होतानाच शेतात गेले. हळद शिजवायचा कुकर भाड्यानं आला होता आणि कुकरवाल्यावर नजर ठेवली नाही तर तो अर्धीकच्ची काढतो. दुपारी घरी आले, हातपाय धुतले, दुधाचं पातेलं पुढं घेतलं आणि सुनेला विचारलं, "संगिता, तबक कुठं ठेवलं?"

"मी पाहिलं न्हाई, आत्याबाई," ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली. कपडे सकाळीच वाळले होते.

तबक आलंच नाही. दूध तापवून ठेवलं ते रात्री विरजणात गेलं. मी मनाला सांगितलं, खुर्शीदबी साखरेच्या आजारानं अंथरुणाला लागलीय, पायाची जखम भरत नाही, राहिलं असेल. मग वाटलं, अंथरुणात पडलं म्हणून नातीच्या हाती तबक देता येत नाही? परवाच पाडव्याच्या पोळ्या खाल्ल्या की माझ्याकडच्या. विचारायला जाणं माझ्या स्वभावात नाही. उलट शेतात जाता-येता तिच्या दारावरून मी मान वळवून गेले. तिची बाज दारातच असते. ती बघत होती, हे मला न बघताही कळत होतं. बघ म्हटलं.

असे बरेच दिवस गेले. कोमल हिंगोलीला परत गेली. मग एकदा नळावर खुर्शीदबीची नात अफशीन भेटली. दहावीतली पोरगी, तिच्या लेकाची, शाकीरची थोरली.

मी म्हणाले, "काय गं, तुझी दादी यंदा आमाला विसरली जणू."

अफशीननं घागर खाली ठेवली. "आणलं व्हतं की, आजी. अमृतकाकांनी परत पाठवलं. म्हणाले, आजपासून आणू नको. मी इचारलं, आजीनं सांगितलं का? ते म्हणाले, घरात सगळ्यांचं ठरलंय."

नळ चालू होता. माझी घागर भरून वाहत होती, तरी मी ती उचलली नाही.

घरी आले तर माझा लेक अमृतराव ओसरीवर चहा पीत बसला होता, शेजारी नरसिंग. हा नरसिंग गावातल्या निवडणुका चालवतो. माझ्या लेकाला पंचायत समितीला उभं करायचं त्याच्या डोक्यात होतं, आणि नरसिंगच्या डोक्यात जे असतं ते अमृतच्या डोक्यात यायला एक कप चहा पुरतो.

"तबक कुणी परत केलं?" मी विचारलं.

"माय, आत चल. आत बोलू."

"दारातून परत केलंस, दारातच बोल."

नरसिंग मधे पडला. "काकू, गावानं ठरवलंय. पारावर बैठक झाली. आपलं आपण, त्यांचं ते. त्यांच्याकडून काही घ्यायचं न्हाई."

"नरसिंग, तुझी माय आडली व्हती तवा खुर्शीदबीनं तुला वढून भाईर काढला. घ्यायचं न्हाई हे तवाच ठरलं आसतं, तर आज माझा येक कप चहा वाचला आसता."

तो चहाच्या कपात बघत बसला. अमृत मात्र माझाच लेक. तो उठून उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "माय, मी काय निराळं केलं? आपलं आपण, त्यांचं ते, हे मी नरसिंगकडून न्हाई शिकलो. तुझ्याकडून शिकलो. तू शिजलेलं घेत न्हाईस. मी कोरडं घेतलं न्हाई. फरक कितीसा हाय?"

"शिजलेलं घेत न्हाई म्हणूनच मी कोरडं घेत व्हते."

"ते तुला कळतं. मत देणाराला कळत न्हाई."

उत्तर होतं माझ्याजवळ. पण ते बोलायला लांब होतं आणि तो पायात चपला घालून निघाला होता.

त्याच दुपारी मी खुर्शीदबीकडे गेले. तिच्या खोलीत दोन-तीन बायका होत्या. एक आमच्या गल्लीतली पारुबाई, अडकित्त्यानं सुपारी कातरत बसलेली. पारुबाईच्या कानात पडलेलं संध्याकाळपर्यंत औंढ्याच्या देवळापाशी ऐकायला मिळतं. मी तिच्याकडं बघितलं, पण ती उठणाऱ्यांतली नाही.

खुर्शीदबीचा चेहरा बारीक झाला होता. पायावर फडकं, त्यावर माश्या.

"आल्या का बाई," ती म्हणाली.

"पाय कसा हाय?"

"डाक्टर म्हणतो, कापू. मी म्हणाले, उगं अर्धं काहून नेता, सगळंच न्या."

पारुबाई हसली. मी हसले नाही. मी बाजेच्या कडेला टेकले.

"तबक परत आलं म्हणे."

"आलं."

"मला ठाऊक न्हाई त्यातलं."

खुर्शीदबी म्हणाली, "बाई, तुमची संगिता नवी सून व्हती, तवा तुमी हितंच बसून सांगितलं व्हतं. माझ्या घरात माझ्या शब्दाबिगर उलथनं हालत न्हाई. बराबर?"

"बराबर."

"कितींदा सांगितलं आसल. मी बी लोकांना सांगत आले, गोजरबाईचं घर म्हंजे गोजरबाई." तिला धाप लागली. ती थांबली. "मंग आता मला सांगा. हालतं का?"

अडकित्ता थांबला. पारुबाईनं सुपारी तशीच बोटांत धरून ठेवली.

हालतं, एवढंच म्हणायचं होतं. माझा लेक माझं ऐकत नाही, माझी सून माझ्याशी खोटं बोलते, माझ्या दारातून काय आत येतं आणि काय परत जातं ते मला नळावर दहावीतली पोर सांगते. पारुबाईच्या समोर. मी माणसांत राहते. ज्या गावात मी मान खाली घालून एकदाही चालले नाही, त्या गावात मला उद्याही चालायचं होतं.

"न्हाई हालत," मी म्हणाले.

"मंग झालं तर," खुर्शीदबी म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं. थोड्या वेळानं तिकडूनच हाक मारली, "अफशीन, बाईला पाणी आण." आणि लगेच, "ऱ्हाऊ दे. त्या आपल्याकडं पीत न्हाईत."

तिच्या तोंडून मी शेवटचं ऐकलं ते हे.

पुढच्या जुम्म्याच्या आधीच ती गेली. पाय कापायला नांदेडला न्यायचं ठरलं होतं, तिनं वाट बघितली नाही. तिला नेलं तेव्हा मी ओसरीवर उभी होते. शाकीरनं खांदा दिला होता. अमृतला त्या दिवशी हिंगोलीला काम निघालं. गावातल्या पुष्कळ माणसांना त्या दिवशी हिंगोलीला काम निघालं. खांदा द्यायला माणसं कमी पडली म्हणून शाकीरच्या वेल्डिंगच्या दुकानातली कामाची पोरं दोनदा जनाज्याखाली आली.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. त्यांच्यातही नाही, आमच्यातही नाही. इथं कसलाच फरक नाही. म्हणून मी चुलीपुढं बसले. भाकरी मी थापल्या, पिठलं मी हाटलं, सुनेला हात लावू दिला नाही. टोपलं डोक्यावर घेतलं आणि गल्लीच्या मधून गेले. कडेनं नाही. ज्याला बघायचं त्यानं बघावं, ज्याला मत द्यायचं त्यानं द्यावं.

दारापुढं ताडपत्री बांधली होती, खाली माणसं बसली होती. शाकीर उठून आला. हा शाकीर लहानपणी माझ्या ओसरीवर अमृतच्या ताटात जेवलेला. त्यानं टोपल्यावरचं फडकं बाजूला केलं, बघितलं, आणि परत झाकलं.

"बाई, हे शिजलेलं हाय," तो म्हणाला.

"मंग काय दगड आणू? सकाळपासून लेकरं उपाशी आसतील."

"कोरडं आसलं तर द्या. आमी शिजवून घेऊ."

मला आधी कळलंच नाही. वाटलं, रडून रडून पोरगं भलतंच बोलतंय. "तुमच्यात चूल न्हाई ना पेटत आज?"

"न्हाई. फुफीकडं, आत्याच्या घरी, शिजवून आणू." त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, टोपल्याकडं बघत होता. "नाराज नका होऊ, बाई. अम्मी सांगून गेली. म्हणाली, गोजरबाई आल्याबिगर ऱ्हायच्या न्हाईत. कोरडं आणलं तर डोक्याला लावून घ्या. शिजलेलं आणलं तर परत करा."

"काहून?"

"ते न्हाई बोलली."

बसलेली माणसं आमच्याकडं बघत होती. पारुबाई पण होती, बायकांत, पदर तोंडाला लावून. मी टोपलं परत डोक्यावर घेतलं. भरलं टोपलं जाताना जड लागलं नव्हतं.

भाकरी-पिठलं म्हशीपुढं टाकलं आणि घरात आले. माझं पितळेचं ताट घासून पुसून घेतलं. ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, मीठ, मिरच्या, शेंगदाण्याचं तेल एका वाटीत. हळदीच्या डब्यापाशी हात थांबला. आमच्यात सुतकाच्या घरी हळद देत नाहीत. त्यांच्यात असं काही नसतं. मी उभी राहिले तशीच डबा धरून. मग चिमूटभर नाही, वाटीभर घातली. यंदाचीच होती, तिच्या बांधाला लागून पिकलेली.

शाकीरनं ताट दोन्ही हातांनी घेतलं आणि खरंच डोक्याला लावलं. पाया पडायला वाकला, मी मागं सरकले.

तिन्हीसांजेला अफशीन ताट परत घेऊन आली. ताट रिकामं नव्हतं. त्यात शेवया होत्या, साखरेची पुडी, खोबऱ्याची वाटी, खारका, चारोळी. वर तोच विणलेला रुमाल.

"हे काय गं?"

"ईदचंच हाय, आजी. परत आलं तवापासून दादीनं उशाला ठेवलं व्हतं. आमाला हात लावू दिला न्हाई. म्हणायची, दुसऱ्याच्या नावानं काढलेलं आपण खात नसतो."

पोरगी गेली. मी ताट मांडीवर घेऊन बसले. खोबऱ्याला थोडा वास लागला होता, बाकी सगळं जसंच्या तसं. दूध होतं घरात. चूल होती. पण खीर गोडाचं आणि आजच तिला माती दिलेली. सुतक धरलं असतं तर गोड शिजवता येत नव्हतं, आणि सुतक मला नव्हतं. सुतक घरच्यांचं असतं. मी तिची कोण, ते कुठल्याच रीतीत बसत नव्हतं.

मी संगिताला बोलावलं. "ध्यान देऊन ऐक. मी सांगंपर्यंत या घरात गोड शिजायचं न्हाई."

"बरं, आत्याबाई," ती म्हणाली.

रात्री कोमलचा फोन आला. खुर्शीद आजीसाठी रडली. मग म्हणाली, पेपर झाला, त्या दोन शब्दांचा प्रश्न आला होता.

"काय लिहिलंस?"

"आपल्या हळदीचं लिहिलं. तबकाचं न्हाई लिहिलं."

"बरं केलंस," मी म्हणाले आणि फोन संगिताकडं दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर गलका झाला. नरसिंग आणि त्याच्या मागं गावातली दहा-बारा माणसं. अमृतचं तिकीट पक्कं झालं होतं. कुणी हार आणला, कुणी मोबाईलवर फोटो काढले. नरसिंग म्हणाला, "तोंड गोड करा की मालक. वैनीला सांगा, शिरा टाका."

मी आतल्या खोलीत होते, ताट माझ्याजवळच. तिथूनच म्हणाले, "अमृत, आज गोड न्हाई शिजायचं."

तो दारात आला. गळ्यात हार होता. आवाज खाली करून म्हणाला, "काहून, माय? आपलं कोण मेलं?"

मी त्याच्याकडं बघितलं. तो वाट बघत होता, खरंच विचारत होता. मी काहीतरी नाव सांगेन, नातं सांगेन, म्हणजे तो बाहेर जाऊन माणसांना तसं सांगेल.

"माझा शब्द हाय," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला. अगदी संगिता म्हणते तसं. आणि बाहेर गेला.

बाहेर माणसं हसत होती. मी कान देऊन बसले. संगिता माझ्या दारावरून गेली, आत डोकावली नाही. मग स्वयंपाकघरात डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. कढई ठेवल्याचा आला. तुपाचा वास आला. रवा पडला, आणि उलथनं कढईत फिरू लागलं, न थांबता, एका लयीत, जसं मीच तिला शिकवलं होतं, रवा खाली लागू नये म्हणून.

मांडीवरच्या शेवया चुरून माझ्या लुगड्यावर पडल्या होत्या. मी त्या एकेक करून वेचत राहिले.